टोफूचं पाणी

टोफूची ओळख करून देताना लोक आधी तो काय नाही, तेच सांगतात. पनीर नाही. दुधाचा नाही. कोलेस्टेरॉल नाही, फारशी चरबी नाही. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, 'चव नाही'. लग्नाच्या स्थळाबद्दल कुणी असं सांगितलं, की मुलगा दारू पीत नाही, सिगरेट ओढत नाही, उलटून बोलत नाही, तर मुलीचे वडील विचारतीलच, 'अहो, पण करतो काय?' टोफूला हा प्रश्न आपण विचारलेला नाही. नुसतं ठेवून घेतलंय त्याला, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

मुंबईच्या उपनगरांत तो आता कुठेही भेटतो. अंधेरीच्या लोखंडवाला मार्केटात तो हमस आणि ग्रीक योगर्टच्या पंगतीला बसलेला असतो; बोरिवलीच्या डेअरीत श्रीखंडाच्या डब्यांमागे, जरा अंग चोरून. मुलुंडला तर जिना उतरायचीही गरज नाही; फोनवर बोट टेकवलं की दहा-पंधरा मिनिटांत स्कूटरवरचा मुलगा दारात आणून देतो. प्लास्टिकची चौकोनी डबी, वर घट्ट ताणलेला पापुद्रा, आत पाणी आणि पाण्यात हा. पापुद्र्याला सुरी लावली की पहिली धार ओट्यावर सांडते; ती न सांडता उघडलेलं पाकीट मी अजून बघितलेलं नाही. रंग पांढरा म्हणावा तर तसा नाही, किंचित पिवळट. कोपरे मात्र रेखीव. हातात घेतला की थंडगार आणि दिसतो त्याहून जड. नाकाशी नेला तर भिजवलेल्या डाळीचा वास. दुधातुपाच्या ओळखीचं त्याच्या अंगावर काहीच नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसांचं आणि त्याचं बिनसतं ते इथेच.

"पनीर नासलंय वाटतं गं," आमच्या मजल्यावरच्या आजी सुनेला म्हणाल्या होत्या.

"नाही हो आई, टोफू आहे. सोयाबीनचा."

"मग गव्हात घालून दळून आणायचं की. पाण्यात कशाला बुडवून ठेवलंय?"

आजींचं काही चुकत नव्हतं. मराठी घराला सोयाबीन ठाऊक आहे ते दळणातलं. गव्हाच्या डब्यात दोन मुठी टाकायच्या, म्हणजे पोळीत 'ताकद' येते. फार तर सोयाच्या वड्या, श्रावणात मटणाचा मसाला वाया जाऊ नये म्हणून त्याच्या रश्श्यात सोडलेल्या. सोयाबीनचं दूध काढून ते नासवायचं आणि त्याची वडी दाबायची, हा उद्योग आपल्याकडे नव्हता. चीनमध्ये तो दोन हजार वर्षांपूर्वी लिऊ आन नावाच्या राजपुत्रानं शोधला अशी दंतकथा आहे; जपानात तर 1782 साली ओसाकात 'टोफू ह्याकुचिन' नावाचं, टोफूच्या शंभर पदार्थांचं पुस्तक निघालं होतं आणि ते चांगलं खपलं होतं. शंभर पदार्थ! आपण अजून 'पनीरऐवजी' या एका पदार्थावर आहोत.

बरं, माणूस परका म्हणावा तर त्याचं मूळ गाव इथलंच निघतं. सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र हे देशात पुढे. लातूर, वाशीम, अकोला या बाजूचा खरीप म्हणजे बहुतेक सोयाबीनच. 2024च्या खरिपात राज्यात सुमारे 50 लाख हेक्टरांवर ते उभं होतं. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नासच्या आत; बाजारात कित्येक ठिकाणी तेवढाही मिळत नव्हता आणि त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा भाव हा मोठा मुद्दा झाला होता. आता लोखंडवालातल्या त्या पाकिटावरची किंमत बघा. दोनशे ग्रॅम टोफूला आपण शेतकऱ्याच्या किलोभर सोयाबीनपेक्षा जास्त मोजतो, आणि किलोभर सोयाबीनचा घरी केला तर दीड ते दोन किलो टोफू होतो. पण लातूरहून निघालेला बहुतेक दाणा जातो तो तेलाच्या गिरणीकडे. तेल काढून उरलेली पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे 'आम्हाला नाही बाई सोयाबीन आवडत' म्हणणाऱ्या घरातही ते रोज सकाळी येतच असतं, अंड्याच्या वाटेनं.

त्याला माणसांत बसवायचा प्रयत्न पूर्वीही झालेला आहे. 1935 साली गांधीजींनी 'हरिजन'मधून सोयाबीनबद्दल लिहिलं आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते शिजवून खायचे प्रयोग झाले. गरिबाला स्वस्तात प्रथिनं मिळावीत, एवढाच हेतू. पाठोपाठ 1936मध्ये सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात अन्नपाहणी अधिकारी असलेल्या एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर चांगलं जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं: लागवड, आहारातलं मोल, आणि पदार्थांच्या कृतीसुद्धा. अमेरिकेतलं 'हेल्थ फूड' बडोद्यात यायच्या कितीतरी आधी हा गृहस्थ हे सगळं छापून मोकळा झाला होता. ते तेव्हा रुजलं नाही याचं मला फारसं नवल वाटत नाही. डाळ-उसळीच्या देशात आणखी एक कडधान्य, तेही रात्रभर भिजवूनही लवकर न शिजणारं आणि उग्र वासाचं. त्यातून टोफू करायचा म्हटला तर तो रोज ताजा करणारा शेजारी हवा, नाहीतर फ्रीज. 1936च्या वर्ध्यात दोन्ही नव्हतं. आज अंधेरीत फ्रीज आहे, पण काळ्यांच्या आणि गांधीजींच्या मनातला गरीब त्या दुकानात येत नाही.

असो. तर हा करतो काय?

त्याचा जन्म समजून घेतला की स्वभाव कळतो. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वाटायचं, गाळायचं आणि ते दूध चांगलं उकळायचं. कच्च्या दाण्यात पचनाला आडवी येणारी द्रव्यं असतात, ती उकळल्यानं जातात. वाटताना कढत पाणी घातलं तर तो उग्र वासही बराच मोडतो. गाळून उरलेला चोथा टाकू नका. थालीपिठाच्या भाजणीत तो इतका बेमालूम मिसळतो की कुणाला पत्ता लागत नाही. मग गरम दुधात काहीतरी घालून ते फाडायचं. घरी लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. कारखान्यात बहुतेक वेळा खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपली चिरोडी. हीच चिरोडी भाजली की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. तेव्हा हॉलमधलं फॉल्स सीलिंग आणि ताटातला टोफू हे रसायनशास्त्राच्या नात्यानं भाऊबंद निघतात, ही माहिती जेवताना द्यायची नसते हे मला उशिरा समजलं. दूध फाटलं की प्रथिनांची एक बारीक जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकून बसतं. टोफू म्हणजे मुख्यत्वे हे अडकलेलं पाणी. कडक म्हणून विकत मिळतो त्यातही जवळजवळ पाऊण भाग पाणीच.

ज्यानं त्याचं पाणी जोखलं नाही त्याला टोफू दाद देत नाही. पाकिटातून काढून, तुकडे करून तसाच कढईत टाकला की तेल उडतं, तुकडे बुडाला चिकटतात, उलथनं घातलं की अर्धा तुकडा वर आणि अर्धा खाली. मग शेवटी 'भुर्जीच करायची होती' असं जाहीर होतं. यात त्याचा दोष नाही. तेल 180 अंशांवर तापलेलं असलं तरी तुकड्याच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथला पारा शंभराच्या पुढे सरकत नाही; आणि खरपूस रंग यायचा तर शंभराच्या बरंच पुढे जावं लागतं. आधी पाणी गेलं पाहिजे, मग बाकीच्या गोष्टी.

पाणी काढायच्या तऱ्हा घरागणिक वेगळ्या. सर्वांत जुनी दाबायची. ताटात पंचा, पंच्यावर टोफू, वर पंच्याची दुसरी घडी, त्यावर सपाट ताटली आणि ताटलीवर वजन. वजनासाठी माणसं काय काय आणतात! कुणी पाण्यानं भरलेला कुकर ठेवतं, कुणी मुलाची जेईईची पुस्तकं. मुलुंडच्या एका घरात आजेसासूबाईंच्या हातचा वरवंटा या कामाला लागलेला मी पाहिलाय. पाटा गॅलरीत कुंडीखाली गेला, वरवंट्याला मात्र उतारवयात बरी नोकरी लागली. अर्ध्या तासात ताटाच्या कडेला चांगलं पाणी जमतं आणि टोफूची उंची जराशी उतरते. घाईनं एकदम जड वजन ठेवलं तर बाजूनं उभ्या चिरा पडतात. थोडं ठेवून मग वाढवत न्यावं.

दुसरी तऱ्हा ऐकायला उलटी आहे: तुकडे करून त्यांवर उकळतं, चांगलं खारट पाणी ओतायचं आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. पाणी काढायला पाणी! पण उष्णतेनं ती प्रथिनांची जाळी आवळते, आतलं पाणी बाहेर येतं, मीठ आत जातं, आणि निथळून पंच्यावर पसरल्यावर गरम तुकड्यांच्या अंगावरची ओल आपोआप उडून जाते. 'चव नाही' या तक्रारीचं निम्मं उत्तर या मिठात आहे. तिसरी तऱ्हा फ्रीजरची. रात्रभर गोठवला की आत बर्फाचे खडे होतात, वितळल्यावर त्यांच्या जागी भोकं राहतात आणि टोफू पिळून काढता येतो. जपानात डोंगरावरच्या थंडीत उघड्यावर गोठवायचे. आपल्याकडे थंडी फ्रीजरमध्येच मिळते. गोठल्यावर तो हळदी रंगाचा दिसतो म्हणून फेकून देऊ नका, वितळला की पुन्हा मूळ रंगावर येतो.

यानंतर कॉर्नफ्लोर. पूर्वी घरात तो कस्टर्डपुरता असायचा. 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन केलं, पुढे त्याचं कोबीचं शाकाहारी भावंड गल्लोगल्ली झालं, आणि कॉर्नफ्लोर, सोया सॉस, व्हिनेगर हे त्रिकूट डाळ-तांदळाच्या यादीत येऊन बसलं. दोनशे ग्रॅम टोफूला दोन मोठे चमचे पुरे. तुकड्यांवर मिरपूड घालायची, कॉर्नफ्लोर भुरभुरायचा आणि भांडं हलवून सगळीकडे लागू द्यायचा. हातानं कालवायला गेलात तर बोटांनाच लेप बसतो. लावला की लगेच तळायचं. जुलै महिन्यात तर जराही थांबायचं नाही. अंधेरी-बोरिवलीच्या पावसाळी हवेत डब्यातलं मीठ भिजतं तिथे कॉर्नफ्लोरची काय कथा. पाच मिनिटांत त्याचा चिकट लगदा होतो.

आता कढई, किंवा त्याहून बरा बिडाचा तवा. दोन-तीन चमचे तेल, चांगलं तापलेलं. तुकडे एकमेकांना न शिवता ठेवायचे आणि मग काहीही करायचं नाही. हे सर्वांत अवघड. उलथनं हातात असलं की ते चालवावंसं वाटतं. पण खालची बाजू तयार होईपर्यंत तुकडा तव्याला धरून असतो आणि तयार झाला की आपणहून सुटतो. कान दिला तर वेळ कळते. सुरुवातीला जोराची तडतड, ती पाण्याची. मग आवाज बारीक होत जातो, नुसती चुरचुर उरते. ती ऐकू आली की परता. सोनेरी बाजू वर येते, कडा किंचित तपकिरी, आणि उलथन्यानं टोकलं तर टकटक वाजतं. आत मात्र तो तसाच मऊ, गरम, थरथरता. बाहेरून इतका करारी आणि आतून इतका मवाळ पदार्थ आपल्या स्वयंपाकात फारसा नाही. पनीर तळलं की आतूनही चिवट होतं. त्याला हे जमत नाही. माझ्या मते टोफूची खरी ओळख ही एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

भाज्या वेगळ्या परतायच्या, मोठ्या आचेवर, थोड्या-थोड्या. हॉटेलातली भट्टी घरी नसते. आपल्या गॅसवर कढई काठोकाठ भरली की भाज्या परतल्या जात नाहीत, वाफेवर शिजतात आणि पाणी सोडतात. म्हणजे टोफूचं पाणी काढण्यात घालवलेला अर्धा तास भाज्यांनी पाच मिनिटांत बुडवला. फरसबी तिरकी चिरलेली, गाजराच्या काड्या, ढोबळी मिरची, कोबी, असल्यास बेबीकॉर्न, शेवटी पातीचा कांदा. ब्रोकोली आणायलाच हवी असं नाही. वसईवाल्या भाजीवालीच्या टोपलीत जे टवटवीत असेल ते घ्यावं. आलं-लसूण, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. टोफू अगदी शेवटी.

एक गोष्ट मालवणी आणि गोवेकर घरांसाठी. बांगड्याच्या तिखल्यात घालता ती तिरफळं या परतलेल्या भाजीत घालून बघा. काळं बी काढून टाकलेली चार-पाच टरफलं, कोरडी भाजून भरडलेली. चीनच्या सिचुआन प्रांतात टोफूला जी मिरी लावतात, जिभेला झिणझिण्या आणणारी, ती आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. गंमत म्हणजे गाडीवरच्या लालभडक 'शेजवान'मध्ये तिचा मागमूस नसतो. दादर-परळहून बोरिवलीला राहायला आलेल्या घरात तिरफळाची पुरचुंडी अजून असते; तेवढ्या जोरावर ते घर गाडीपेक्षा चीनच्या जास्त जवळ आहे.

2014 साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून या दोन टोकांत वीस-बावीस मिनिटांचं अंतर राहिलंय, पण टोफूला ती दोन वेगळी गावं आहेत. अंधेरीत तो दंडासाठी खातात. लोखंडवालातले व्यायामवीर त्याला वजनकाट्यावर मोजतात, उकडतात आणि तोंड कडू करून गिळतात. त्यातल्याच काहींना सोयानं पुरुषी संप्रेरकं कमी होतात अशी धास्ती असते. माणसांवर झालेल्या अभ्यासांत तसं काही दिसलेलं नाही. (थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं.) घाटकोपर पूर्वेला गोष्ट वेगळी. तिथल्या जैन स्वयंपाकघरात कांदा नाही, लसूण नाही, आलं-गाजर नाही, कुठे-कुठे व्हिनेगरसुद्धा नाही. दुधावरही फुली मारलेली तरुण मुलं त्या घरांत आता आहेत. इतक्या 'नाहीं'मध्ये टोफू कसा घरच्यासारखा वावरतो! ढोबळी मिरची, फरसबी, कोवळी कणसं, काळी मिरी, तीळ आणि लिंबू. मला हीच आवृत्ती जास्त आवडते. लसूण आला की टोफू लाजून गप्प बसतो. इथे त्याचं स्वतःचं, मंद, शेंगदाण्याच्या बाजूला झुकणारं बोलणं ऐकू येतं.

त्याच्यावरचा खरा अन्याय म्हणजे त्याला दिलेली भूमिका. पालक टोफू, टोफू बटर मसाला, टोफू टिक्का. दाट, तुपकट ग्रेव्हीत पनीर स्वतःच्या स्निग्धपणावर तरतं. टोफूकडे ती पुंजी नाही. तो त्यात नुसता बुडून राहतो आणि खाणारा म्हणतो, 'पनीर असतं तर.' मग वर्षभर तो घरात येत नाही. पथ्यासाठी आणा हवं तर, पण पथ्याच्या चेहऱ्यानं वाढू नका. उघडलेलं पाकीट उरलं तर स्वच्छ पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून तीन-चार दिवस राहतं. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की टाकून द्यायचं, मोह धरायचा नाही.

आणि डब्यात तर अजिबात देऊ नका. बोरिवलीहून सकाळी निघालेला डबा चर्चगेटला साडेबारा-एकला उघडतो, तोवर झाकणाखालच्या वाफेनं त्याचं सगळं कवच उतरलेलं असतं, आणि ऑफिसातली चारचौघं पुन्हा म्हणणार, चव नाही. हा पदार्थ तव्यावरून ताटात यायचा. तेव्हा आधी भात वाढा, पानं घ्या, टीव्हीसमोरच्यांना उठवा, आणि ती चुरचुर बारीक झाली की गॅस बंद करायच्या आधी सगळ्यांना हाक मारा. उशिरा येईल त्याला भाज्या ठेवाव्यात, टोफू ठेवू नये.